पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, हे कोण विचारणार?

मा. संपादक,
स.न.

ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या ऑपरेशनवर तुमच्या पेपरात परत बातमी आली, विषय अजून कुणीतरी लावून धरलाय हे बघून बरं वाटलं, पण 2019 पासून बघतेय, प्रत्येक बातमी पिशवीपाशी येऊन थांबते आणि अंडाशयांचं काय केलं हे कुणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

मी केज तालुक्यात मेडिकल चालवते. पस्तिशी-चाळिशीच्या बायका येतात, कंबरेची गोळी द्या, झोपेची द्या, अंगातून वाफा निघतात, छातीत धडधडतं, भाकरी थापताना मनगटं दुखतात. पिशवी काढली का विचारलं तर बऱ्याच जणी हो म्हणतात. अंडाशयं ठेवली का तीपण काढली असं विचारलं की नुसतं बघत राहतात, एक जण म्हणाली "समदं साफ केलं म्हणले डाक्टर". फाइल आणायला लावली की त्यात इंग्रजीत टीएएच, बीएसओ लिहिलेलं असतं. टीएएच म्हणजे पोट उघडून पिशवी काढली, बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं गेली. स्वतःच्या शरीरातून काय काढलंय हे त्या बाईला माहीतच नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही!

नुसती पिशवी काढली तर पाळी बंद होते पण अंडाशयं इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन बनवत राहतात. (तरीही रक्तपुरवठ्यावर परिणाम होऊन ती दोन-चार वर्षं आधी थकू शकतात, हेही कुणी सांगत नाही.) दोन्ही अंडाशयं काढली तर त्याच दिवसापासून मेनोपॉज. आपल्याकडे पाळी सरासरी 46 च्या आसपास जाते, ती हळूहळू जाते, शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो, इथे तिसाव्या-बत्तिसाव्या वर्षी एका रात्रीत सगळं बंद. मग हाडं भराभर ठिसूळ व्हायला लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, योनी कोरडी पडून संबंध दुखतात आणि त्यावरून घरात भांडणं होतात ती वेगळीच. अमेरिकेतल्या नर्सेसच्या मोठ्या अभ्यासात, 2009 साली छापून आलेला, कॅन्सर नसताना पिशवी काढलेल्या 29 हजारांवर बायका होत्या, त्यात दोन्ही अंडाशयंही काढलेल्यांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर कमी झाला, पण हृदयविकार जास्त आणि एकूण मृत्यूही जास्त. तिथल्याच मेयो क्लिनिक या मोठ्या दवाखान्याच्या अभ्यासातही 45 च्या आत अंडाशयं काढून इस्ट्रोजेन न दिलेल्या बायकांत मृत्यू वाढलेले दिसले. त्या तर अमेरिकेतल्या बायका. आपली बाई मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून चढते, तिच्या मणक्याचं काय होत असेल?

ऑपरेशन का होतात ते सगळ्यांना माहितीय. मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला की दंड, फडात ना संडास ना पाणी, अंगावरून पांढरं जातं, सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली की "कॅन्सर होईल" म्हणून भीती घालायची. तरुणपणी अंडाशयावर दिसणाऱ्या बऱ्याच पाण्याच्या गाठी दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरतात, थांबून परत सोनोग्राफी करायची एवढंच. या ऑपरेशनच्या चौकशीसाठी सरकारने 2019 ला नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या वेळच्या पाहणीत बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शंभरात जवळपास 17, देशात हेच प्रमाण शंभरात 3 च्या आसपास आहे. पण त्या 13,861 मध्ये अंडाशयं किती जणींची गेली? हा आकडा मी तरी कुठल्याच बातमीत वाचला नाही.

अंडाशयं कधीच काढू नयेत असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, घरात बीआरसीए या जनुकाचा दोष असेल (त्याने स्तनाचा नि अंडाशयाचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो), मोठी गाठ पिळा बसून सडली असेल तर काढावीच लागतात, त्यात जीव वाचतो. पण साध्या कारणासाठी, चाळिशीच्या आत, न सांगता, हे चालणार नाही. आणि काढलीच तर पुढची औषधं कोण देणार? पन्नाशीपर्यंत इस्ट्रोजेन द्यावं असं डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात, पिशवी नसल्यामुळे बहुतेकींना एकटं इस्ट्रोजेन पुरतं, स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास झालेल्यांना चालत नाही ते डॉक्टर बघतील. माझ्या दुकानात या गोळ्यांची चिठ्ठी जवळपास येतच नाही, पेनकिलरच्या चिठ्ठ्या रोज येतात.

बीडमध्ये पिशवी काढायला आता सिव्हिल सर्जनची परवानगी लागते, 2023 ला सुप्रीम कोर्टानेही सगळ्या राज्यांना केंद्राच्या गाइडलाइन लागू करायला सांगितलं, चांगलंच झालं. पण ज्यांचं आधीच झालंय त्यांच्यासाठी काहीच नाही. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने या बायकांची नव्याने यादी करावी, फायली बघून अंडाशयं आहेत की नाहीत ते मराठीत कार्डावर लिहून द्यावं, नसतील तर हाडांची तपासणी, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल दरवर्षी फुकट करावं आणि इस्ट्रोजेन, कॅल्शियम सरकारी दवाखान्यात ठेवावं. परवानगीच्या अर्जातही अंडाशयांचा वेगळा रकाना हवा, का काढणार ते कारणासकट.

तुमच्याकडे एकच मागणं, दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या आत पेपरात एक चौकट छापा, ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला काय विचारायचं आणि नंतर कुठली फाइल जपून ठेवायची. शाळेतली पोरं घरी आईला वाचून दाखवतील. मी माझ्या दुकानात काउंटरवर लावते.

आपली,
एक मेडिकलवाली ताई, ता. केज, जि. बीड