तिकिटं काढली, आता नाही म्हणायचं नाही

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

फोनवर काही सांगितलं की तुमच्यातलं एक जण ऐकतं आणि दुसऱ्याला आपल्या सोयीनं सांगतं, म्हणून हे लिहून पाठवते आहे. आईने मोठ्यानं वाचावं. बाबांनी शेवटपर्यंत ऐकावं आणि मगच बोलावं.

तुम्हाला डिस्नेचं पार्क दाखवायचं कधीचं चाललंय, त्याची तिकिटं काढली आहेत. दादाकडच्या फ्लोरिडाची नाहीत, माझ्याकडच्या टोकियोची. नोव्हेंबरातली, मंगळवार-बुधवार धरून, कारण शनिवार-रविवारी इथल्या पार्कात मुंगीला शिरायला जागा नसते. दादाशी बोलले. तो हिरमुसला, पण वहिनीला पटलं आणि मग त्यालाही पटवून घ्यावं लागलं. आई, तुझा जीव तिकडे लागला होता, मला माहीत आहे. तू म्हणशील, आधी विचारलं का नाहीस. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, ‘ह्यांना झेपेल तिथे’, बाबा म्हणाले असते, ‘तिला आवडेल तिथे’, आणि आणखी एक वर्ष निघून गेलं असतं. गुडघे काही आपल्यासाठी थांबत नाहीत.

हे मी घाईनं ठरवलेलं नाही. कॉलेजात असताना फ्लोरिडातल्या एका पार्कात काम केलं, त्याचे किस्से तुम्ही नको इतक्या वेळा ऐकलेत. तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की रस्ता दाखवताना एक बोट रोखायचं नाही, दोन बोटांनी किंवा उघड्या पंजानं दाखवायचं. ‘तीन वाजताची मिरवणूक किती वाजता?’ असं कुणी विचारलं तर हसायचं नाही, कारण त्याला विचारायचं असतं की ती आपल्या समोरून कधी जाईल. तिकडची सेवा बोलकी असते. डिस्नेच्या तिथल्या पार्कांत तर कर्मचाऱ्याच्या बिल्ल्यावर नावाखाली त्याचं गावही लिहिलेलं असतं, म्हणजे बोलायला निमित्त आयतंच. आई, तू तिथे खूश झाली असतीस. काउंटरवरच्या बाईने तुला ‘हनी’ म्हटलं असतं आणि दहा मिनिटांत तिच्या नातवंडांची नावं तुला पाठ झाली असती. मागे रांग तुंबली असती, ते वेगळं.

पण त्या बोलकेपणाची दुसरी बाजूही आहे. तिथे तुमच्यासाठी नियम थोडा वाकतो, चूक झाली तर जागच्या जागी भरपाई मिळते, कर्मचाऱ्याला तेवढी मोकळीकही असते. फक्त काय होतंय ते तुम्ही तोंडानं सांगावं लागतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, तसला कारभार. त्यात जेवायला बसलं की वाढणाऱ्याला बिलाच्या अठरा-वीस टक्के टिप द्यायची, ती त्याच्या पगाराचाच भाग असल्यासारखी. बाबा, तुम्ही आयुष्यात कुणाला ‘मला त्रास होतोय’ म्हटलंय का? डॉक्टरलासुद्धा ‘हिला वाटतंय की दुखतंय’ असं सांगता. तिथे तुम्ही तासभर रांगेत उभे राहिला असता, सगळ्यांना ‘आय ॲम फाइन’ म्हणत, आणि रात्री आईने पाय चेपले असते.

युरोपातलं ते आइस्क्रीम विसरला नसाल. त्या पार्कचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाबा सुटे पैसे मोजून हातात धरून उभे, पुढे एकही गिऱ्हाईक नाही, आणि त्या पोरानं घड्याळाकडे पाहून शटर खाली ओढलं. रागानं नाही, अगदी शांतपणे. बाबा संध्याकाळभर काही बोलले नाहीत. मला आता वाटतं, त्यानं तुमचा अपमान केला नव्हता; त्याची पाळी संपली होती, एवढंच. तिकडे बऱ्याच ठिकाणी गिऱ्हाईक म्हणजे पाहुणाही नव्हे आणि मालक तर नव्हेच. समोरासमोर उभी असलेली दोन बरोबरीची माणसं, त्यातला एक विकतो आणि दुसरा विकत घेतो. पॅरिसजवळ १९९२ च्या एप्रिलमध्ये युरो डिस्ने सुरू झालं तेव्हा हाच तिढा झाला होता. केस किती लांब, दागिने कुठले, याचे अमेरिकन नियम लावल्यावर तिथल्या कामगार संघटना खवळल्या. पार्कात वाइन मिळायची नाही, ती पुढच्या वर्षी सुरू करावी लागली. आणि दुपारी साडेबाराच्या ठोक्याला सगळा फ्रान्स एकदमच जेवायला बसतो हे कुणी धरलंच नव्हतं! मला ती माणसं आवडतात, खरं सांगते. आधी ‘बाँझूर’ म्हणून मग प्रश्न विचारला की तिथला माणूस एकदम वेगळा वागतो. पण बाबांना तिकडे पुन्हा न्यायचं माझ्या मनात नाही.

मावशीने हाँगकाँग सुचवलं होतं, जवळ पडतं म्हणून. बरं आहे, लहान आहे. २००६ मध्ये चिनी नववर्षाच्या सुट्टीत तिथे इतकी गर्दी झाली की तिकीट हातात असलेली माणसं बंद फाटकाबाहेर उभी राहिली. आता तसं नाही, पण सुट्टीच्या दिवसात मी तुम्हाला पाठवणार नाही. शांघायला आईचा डबा चालला असता. तिथे आधी बाहेरचं खाणं नेऊ देत नसत. कायदा शिकणाऱ्या एका मुलीनं पार्कला कोर्टात खेचलं आणि २०१९ च्या सप्टेंबरात तो नियम सैल झाला.

आता टोकियो. नाव अमेरिकन, पण कारभार पहिल्यापासून जपानी. १५ एप्रिल १९८३ ला उघडलं, अमेरिकेबाहेरचं पहिलं डिस्नेलँड, आणि ते डिस्ने कंपनी चालवत नाही. ओरिएंटल लँड नावाची इथली कंपनी परवाना घेऊन चालवते. शेजारचं दुसरं पार्क, डिस्नेसी, २००१ चं. शहरालगत उरायासूला आहे, माझ्या घरून थेट गाडी.

मागच्या हिवाळ्यात तिथे एका राइडच्या दारात एक आजोबा पाहिले, व्हीलचेअरमध्ये, मागे मुलगी. कर्मचारी पोरगी आली आणि सरळ त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसली, तिचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या पातळीत येतील अशी. जे काही विचारायचं ते त्यांनाच विचारलं. स्वतः उठता येईल का? दोन पायऱ्या चढता येतील का? मध्येच गाडी थांबली तर चालत बाहेर पडता येईल का? तिसऱ्याला आजोबा म्हणाले, नाही. तिनं वाकून माफी मागितली आणि त्यांना बसू दिलं नाही. मुलगी अजिजी करायला लागली होती, तिचा काही उपयोग झाला नाही. मग त्या पोरीनं नकाशा उलगडून, पंजा उघडा ठेवून, त्यांना बसता येतील अशा गोष्टी एकेक करून दाखवल्या. आजोबांनी मान लववली. रुसले नव्हते ते. नकार त्यांना मिळाला होता, त्यांच्या मुलीला नव्हे, म्हणून असेल.

मला त्या क्षणी तुम्ही दिसलात, बाबा. तिथेच ठरवलं.

इथे सगळं आधीच विचार करून ठेवलेलं असतं. मागावं लागत नाही. पाऊस थांबला की टॉवेल घेऊन बाकं पुसणारी माणसं कुठून तरी उगवतात. झाडूवाला ओल्या झाडूनं फरशीवर मिकीचं तोंड काढून पुढे जातो, टाळ्यांसाठी थांबत नाही. पण त्या चौकटीबाहेर मात्र काही हलत नाही. ‘एवढं वगळून द्या, त्याऐवजी ते घाला’ असं खाण्याच्या काउंटरवर म्हटलं तर दहा वेळा माफी मागतील आणि होतं तसंच देतील. आई, तिथे वाद घालायचा नाही. हसून जिंकायचा प्रयत्नही करायचा नाही, ते माफी मागून तुला हरवतील.

आता खाण्याचं. साध्या दिसणाऱ्या रश्शातही इथे माशाचा अर्क असतो, म्हणून तुम्ही परस्पर काही घेऊ नका, मी विचारून देईन. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, पण फाटकाबाहेरच डबा खायला बाकं मांडलेली जागा आहे आणि परत आत सोडतात. तेव्हा दुपारी बाहेर यायचं, निवांत जेवायचं, बाबांनी अर्धा तास डोळे मिटायचे. पाण्याची बाटली आत चालते. आई, स्वच्छतागृहांची काळजी तर करूच नकोस. जागोजागी आहेत आणि इतकी चकचकीत की तूसुद्धा नाव ठेवणार नाहीस.

रांगेचंही विचारून ठेवलंय. ज्यांना फार वेळ उभं राहवत नाही त्यांनी बाहेर बसायचं, बरोबरच्यांनी रांग लावायची आणि नंबर जवळ आला की बोलवायचं, अशी सोय आहे. रांगेत मी उभी राहीन. सांगायचं-विचारायचं सगळं मी जपानीत करीन, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही. आणि हो, आम्ही झोपाळ्यात, तुम्ही बाहेर सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत उभे, हे माझं लहानपणभर चाललं. तुम्हाला चक्कर येते म्हणायचात. तिकीट वाचवत होता हे मला खूप उशिरा कळलं. या खेपेला पिशव्या माझ्याकडे आणि तुम्ही आत. पार्कात होडीची फेरी असते, तिच्यात तर बसायचंच, ती हळू असते.

व्हीलचेअर घेणार आहे. आलं का नाक वर? ऐका. ती कायमची नाही, घरी न्यायची नाही, पार्कातच भाड्यानं मिळते. सकाळी चाला हवं तेवढं. दुपारनंतर बसा. इथे तुमच्याकडे वळून कुणी बघणार नाही, पण वाट मात्र आधीच मोकळी करून ठेवतील. आणि उचलून बसवायला कुणी येणार नाही, तसा नियमच आहे. उठायचं-बसायचं तुमचं तुम्ही. म्हणून फिजिओथेरपीवाल्याने दिलेले व्यायाम आजपासून. आई, रोज संध्याकाळी मला फोटो.

भूकंपाचं तुम्ही विचारणारच. ११ मार्च २०११ ला दुपारी मोठा धक्का बसला तेव्हा दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७०,००० माणसं होती. कर्मचाऱ्यांनी दुकानातली मऊ खेळणी उचलून लोकांना डोकं झाकायला दिली. विकायचा माल, वरिष्ठांची वाट न बघता. थंडी होती म्हणून पांघरायला पुठ्ठे आणि प्लास्टिकच्या पिशव्या वाटल्या. गाड्या बंद, सुमारे २०,००० लोक रात्रभर तिथेच राहिले. ही चौकटीत चालणारीच माणसं, बरं का. पण असं काही झालं तर काय करायचं याचा सराव त्यांच्याकडून वर्षभर करून घेतलेला होता. आजूबाजूची भराव घातलेली जमीन चिखलासारखी झाली, पार्काखालची बांधतानाच पक्की केली होती, ती टिकली. महिनाभर बंद राहून डिस्नेलँड १५ एप्रिलला पुन्हा उघडलं. मला वाटतं, रोज रस्ता ओलांडण्यापेक्षा तुम्ही इथे जास्त सुखरूप असाल. रागावू नका.

आई, तुला इथे बोलायला कुणी नाही म्हणून वाईट वाटतंय मला. पण इथे सगळे हात हलवतात. कर्मचारी दोन्ही हातांनी, होडीतले लोक काठावरच्यांना, काठावरचे होडीतल्यांना, ओळख ना पाळख. तू अर्ध्या दिवसात त्यांची पुढारी होशील. आणि पुढच्या उन्हाळ्यात दादाकडे तू एकटी जायचंस, बाबा माझ्याकडे राहतील. वहिनीशी बोलून झालंय. तिथे हवं तेवढं बोल.

आता निमूट करायच्या गोष्टी. बाबांची औषधं महिन्याभराच्या आतलीच आणा, त्याहून जास्त असतील तर आधी परवानगी काढावी लागते. मूळ वेष्टनात आणा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीतून घ्या. सर्दी-खोकल्याची औषधं मला फोटो दाखवल्याशिवाय पिशवीत टाकायची नाहीत. आपल्याकडे सहज मिळणारी काही इथे चक्क बंद आहेत. बाबा, कुणाच्या हातात नोट कोंबायची नाही. इथे टिप घेत नाहीत, तो बिचारा तुमच्या मागे धावत येऊन परत देईल. आई, अनोळखी बाळांचे गाल ओढायचे नाहीत. दोघांनी बूट आत्ताच घ्या आणि रोज घालून फिरा, प्रवासात नवे नकोत. व्हिसाच्या अर्जावर पासपोर्टावर आहे तशीच सही करा. बाबांची सही दरवर्षी बदलते.

आणि व्हीलचेअरचं काकांना कळू द्यायचं नसेल तर नका सांगू. फोटो काढताना मी ती बाजूला ठेवीन.

तुमची,
छोटी