आधी जुन्या कार्यकर्त्यांना मान द्या

मा. संपादक, स.न.वि.वि.

गोव्यात भाजपला इमेज सुधारायची असेल तर नवीन बॅनर लावून काही होणार नाही. २०१२ला पर्रीकरांच्या नेतृत्वाखाली २१ जागा आल्या त्या लोकांना बदल पाहिजे होता म्हणून, आणि मग २०१९ला काँग्रेसचे १० आमदार घेतले, २०२२ला परत ८, मग ज्याच्याविरुद्ध आमच्या पोरांनी घरोघरी फिरून प्रचार केला त्याच्याच स्वागताला त्यांनी हार घेऊन उभं राहायचं का? आमच्या वाड्यावरचा एक जुना बूथ कार्यकर्ता आता मीटिंगला मागच्या खुर्चीत गप्प बसतो, बघून खरंच वाईट वाटतं.

विरोधात असताना मांडवी नदीतल्या कॅसिनोंविरुद्ध हाच पक्ष बोलायचा, कॅसिनो अजून तिथेच आहेत. संस्कृतीची भाषा करायची आणि नगर नियोजन कायद्याच्या ३९ए कलमाखाली अर्जागणिक जमिनीचा झोन (वापराचा प्रकार) बदलायचा, हे जमणार नाही. डोंगर, शेतं राखणं हाच तर परंपरा मानणाऱ्या पक्षाचा खरा मुद्दा असायला हवा! ते कलम रद्द करा, कॅसिनो हलवायची तारीख जाहीर करा, आणि पुढच्या निवडणुकीत तिकीट देताना आयात उमेदवाराआधी बूथवरच्या माणसाला विचारा.

– एक मतदार, फोंडा