गृहमंत्र्यांना खुले पत्र : पोलीस ठाण्यातल्या डीव्हीआरची किल्ली कोणाकडे?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

'तांत्रिक बिघाडामुळे चित्रण उपलब्ध नाही.' एका पोलीस ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण मागितले, त्यावर माहिती अधिकारात परवा आलेले हे एका ओळीचे उत्तर. ठाण्याचे नाव लिहीत नाही. ही ओळ कुठल्याही ठाण्याच्या शिक्क्याखाली खपून जाईल.

2 डिसेंबर 2020 रोजी पोलीस ठाण्यांतल्या कॅमेऱ्यांविषयीच्या परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चित्रण 18 महिने जपा, तेवढी सोय बाजारात मिळत नसेल तरी किमान एक वर्ष. तेही आवाजासह आणि अंधारातही दिसेल असे. कोठडी, व्हरांडा, निरीक्षकांची खोली, मागचे आवार, स्वच्छतागृहाबाहेरची जागा, काहीच सुटता कामा नये.

आता हिशेब करू. 2 मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला 2 मेगाबिटने चित्रण साठवतो असे धरा. दिवसाला 21.6 जीबी झाले. असे 16 कॅमेरे म्हणजे दिवसाला सुमारे 346 जीबी. डीव्हीआरमध्ये, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात, 4 टीबीची (4000 जीबीची) एकच डिस्क असेल तर अकराव्या-बाराव्या दिवसापासून जुन्यावर नवे चढू लागते. 18 महिन्यांना जवळपास 190 टीबी लागतात. आणि माहिती अधिकारात उत्तराची मुदत 30 दिवस! कोणाला काही पुसण्याचे कष्टही पडत नाहीत, अर्ज टेबलावर नुसता पडू द्यायचा. फीत कापताना आपण कॅमेऱ्यांचा आकडा सांगता, एकदा टीबीचाही सांगा.

शिवाय घड्याळ. डीव्हीआरची वेळ वीस मिनिटे मागे असली की स्टेशन डायरीतली नोंद आणि पडद्यावरचा माणूस यांचा मेळ बसत नाही, आणि उलटतपासणीत तेवढे पुरते. प्रत देताना हॅश मूल्य (फाइलमध्ये फेरफार झाला नाही हे पडताळणारा सांकेतिक ठसा) आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडले नाही, तर मिळालेले चित्रणही न्यायालयात लंगडे पडते.

हे सगळे सांभाळायचे कोणी? ठाणे प्रभारींनी. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, तेच कॅमेऱ्याचे राखणदार. वर जिल्हास्तरीय देखरेख समिती आहे, तिच्यात पोलीस अधीक्षक स्वतः सदस्य. समितीने महिन्यातून एकदा न सांगता ठाण्यात जाऊन कुठलीही तारीख काढून पाहावी. पाच मिनिटांचे काम आहे. पण अशा भेटींचे इतिवृत्त लोकांना कुठे वाचायला मिळते, तेवढे कळवा.

तक्रारीचा रस्ता तर त्याहून गंमतीचा. अधीक्षकांकडे दिलेला अर्ज 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' उपविभागीय अधिकाऱ्याकडे जातो, तिथून खाली घरंगळत त्याच ठाण्यात येतो, आणि मग तक्रारदाराला जबाबासाठी फोन येतो तो ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच्याच टेबलावरून. जबाब काय होणार? 'माझी आता काही तक्रार नाही.' अर्ज दप्तरी दाखल.

यासाठीच 22 सप्टेंबर 2006 रोजी पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळे प्राधिकरण मागितले होते, आणि त्याची शिफारस बंधनकारक असावी असे बजावले होते. महाराष्ट्राने आठ वर्षांनी, 2014 मध्ये, पोलीस कायदा दुरुस्त केला तो राज्य आणि विभाग पातळीवरच्या प्राधिकरणांपुरता. छत्तीस जिल्हे, विभाग सहा. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाने तीनशेहून अधिक किलोमीटर तुडवत नागपूर गाठायचे, मजुरी बुडवून, तारखेला. त्यातून अहवाल बाजूने लागलाच तर अपवादात्मक परिस्थितीत तो फेटाळण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. न्यायालयाने दरवाजा सांगितला, आपण खिडकी बसवली, कडी आतून!

लोकसहभागाचे विचाराल तर शांतता समित्या आहेतच. गणपती आणि ईदच्या आधी बैठक, चहा, फोटो. सदस्य कोण? ठाणेदारांना जे चालतात ते. 1984 च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, तेव्हा पोलीस आणि रहिवासी सणासुदीपुरते भेटत नव्हते. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. ते श्रेय सगळे घेतात, पद्धत मात्र कोणी उचलत नाही.

शांतता समितीसमोर दर महिन्याला चार आकडे ठेवा : अर्ज किती आले, गुन्हे किती नोंदले, प्राथमिक चौकशीची 14 दिवसांची मुदत किती प्रकरणांत उलटली, कुठला कॅमेरा किती दिवस बंद होता. तक्रार येताच त्या दिवसाचे चित्रण 24 तासांत वेगळ्या डिस्कवर काढून जिल्हाधिकारी कार्यालयात सीलबंद जमा व्हावे, आणि पोच तक्रारदाराला मिळावी. जबाब ठाण्याबाहेर घ्यावा. आणि चित्रण व तक्रारीच्या हक्काची माहिती देणारा जो फलक प्रवेशद्वाराशी मराठीत लावायला न्यायालयाने सांगितले आहे, तो निदान पोस्टरांमागे झाकलेला नसावा. यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही.

उत्तराची अपेक्षा आहे. फक्त हे पत्र 'योग्य त्या कार्यवाहीसाठी' त्याच ठाण्याकडे धाडू नये, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक