आप्पा, अंगणातल्या दिव्याबद्दल तुमचे आभार

आदरणीय आप्पा,

सादर नमस्कार.

आमच्या अंगणातला सेन्सरचा, म्हणजे माणसाची चाहूल लागली की आपोआप पेटणारा दिवा तुम्ही नीट करून दिलात, पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, आणि मी आभाराचे दोन शब्द बोलायला गेले तर "राहू द्या हो ताई, त्यात काय एवढं" म्हणत गाडीला किक मारून निघून गेलात. म्हणून आता हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमची नात तुम्हाला ते वाचून दाखवेलच. इतरांनीही वाचावं असं मला वाटतं. आपल्या अमळनेर तालुक्यात आता गावोगाव असे दिवे लागलेत, आणि बऱ्याच घरी ते नुसते भिंतीला अडकवलेले आहेत. माणूस आला तरी लागत नाहीत, नाहीतर रात्रभर उगाच पेटत-विझत राहतात. मग घरातलं कोणीतरी वैतागून बटण बंद करतं आणि पुन्हा बॅटरी हातात घेतं.

आमच्या घरी रात्रीचा उजेड ही हौसेची गोष्ट नाही, हे तुम्हाला सांगायला नको. शेतीच्या विजेची रात्रीची पाळी असली की हे अपरात्री मोटर चालू करायला निघतात. न्हाणीघर आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही अंधारात अंदाज येत नाही, आणि रात्रीतून त्यांना उठावंच लागतं. गोठ्यापाशी कडब्याची गंजी, ओट्यालगतच्या खोलीत कापूस. उंदीर असतात, म्हणजे त्यांच्यामागे साप येणारच. मण्यार तर रात्रीच फिरते. मागच्या पावसाळ्यात न्हाणीच्या पायरीवर घोणस होती. बॅटरीच्या झोतात ती दिसली हे आमचं नशीब. त्यानंतरच ह्यांनी सेन्सरचा दिवा आणला.

बसवणाऱ्याने तो पडवीच्या वाशाखाली, शिडी लावूनही हात जेमतेम पोचेल इतका उंच बसवला, "लांबपर्यंत पाहील" असं सांगितलं आणि गेला. हिवाळ्यात तो बैलांनी शेपूट हलवली तरी लागायचा. उन्हाळ्यात, नेमकी दिवेलागणीनंतर गरज असताना, सासूबाई त्याच्याखालून न्हाणीपर्यंत जाऊन यायच्या आणि तो तसाच अंधारात. "हाऊ दिवा माले दखसच नही," हा दिवा मला बघतच नाही, असं त्या म्हणायच्या. विझलेला असतानाही तो मंद मंद मिणमिणताना दिसायचा, ते वेगळंच. आम्ही वस्तू खराब निघाली म्हणून दुसरी आणली. तिचंही तेच.

तुम्ही आलात ती मे महिन्यातली संध्याकाळ होती. अंगणभर खाटांवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत होते. मला वाटलं, तुम्ही आल्या आल्या शिडी मागाल. तुम्ही पाणी प्यायलात, ओट्यावर बसलात आणि सासूबाईंना विचारलंत, "माय, तुम्ही रातले कथाईन जातस?" रात्री कुठून जाता, ते त्यांनी हाताने दाखवलं. तुम्ही म्हणालात, असं नाही, चालून दाखवा. मग त्या खाटांच्या मधून वाट काढत न्हाणीपर्यंत गेल्या आणि तुम्ही मागे मागे चाललात. बैलांचं तोंड कुठे असतं, उन्हाळ्यात आम्ही खाटा टाकून कुठे निजतो, कुत्री कुठल्या बाजूने येतात, कुलरचं तोंड कुठे आहे, सगळं विचारलंत. त्या दिव्याला हात लावायच्या आधी तुम्ही आमचं घर पाहिलंत, आप्पा. इतक्या मंडळींनी तो दिवा पाहिला होता, घर कोणीच पाहिलं नव्हतं. माझे आभार सगळ्यात आधी त्यासाठी आहेत.

मग तुम्ही मला आणि माझ्या मुलाला जे समजावलंत, ते मी वहीत लिहून ठेवलंय. या दिव्यातला पीआयआर सेन्सर स्वतःहून काहीच सोडत नाही, तो फक्त बघतो. आणि बघतो ती उष्णता. आपल्या अंगातून साधारण ८ ते १४ मायक्रॉन लहरीचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण सतत बाहेर पडत असतात. पुढचं पांढरं घुमटासारखं प्लास्टिक म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ते भिंग आहे. त्याच्यावरचे चौकोन समोरच्या जागेचे पट्टे पाडतात. आत दोन कप्पे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. सगळं अंगण एकदम तापलं किंवा निवलं तर दोन्हीकडे सारखाच फरक पडतो आणि तो एकमेकांत खोडला जातो. पण माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेला की आधी एका कप्प्याला कळतं, मग दुसऱ्याला, आणि दिवा लागतो.

म्हणून आडवं जाणारं माणूस त्याला चटकन दिसतं आणि सरळ अंगावर येणारं उशिरा दिसतं. आमचा दिवा नेमका न्हाणीच्या वाटेच्या रेषेत होता. सासूबाई त्याच्याकडे सरळ चालत येत होत्या, एकाच पट्ट्यातून.

उन्हाळ्याचं कोडं तर तुम्ही भिंतीला हात लावून सोडवलंत. माझा हात धरून तो कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलात. दुपारभर पश्चिमेचं ऊन खाल्लेली सिमेंटची भिंत, सूर्य मावळून गेला तरी ऊन ऊन. तुम्ही म्हणालात, आपल्या कातडीचं तापमान असतं ३३-३४ अंश. आपल्या जळगाव जिल्ह्यात पारा ४५ च्या आसपास जातो. भिंत भर दुपारी आपल्याहून पुष्कळ जास्त तापते, तेव्हा तरी फरक असतो. पण संध्याकाळी ती निवत निवत आपल्याच तापमानाला येते, त्या वेळी भिंतीपुढे उभं राहिलेलं माणूस सेन्सरला वेगळं दिसतच नाही. पहाटेकडे भिंत आणखी थंड झाली की पुन्हा दिसायला लागतं. थंडीत रात्र गार आणि बैलांचं अंग ऊन, म्हणून तेव्हा त्याला गोठ्यातली शेपूटसुद्धा सुटत नव्हती. एवढे महिने आम्ही कंपनीला बोल लावत होतो. डब्यावर छापलेले १० मीटर थंड देशात मोजलेले असोत की आणखी कुठे, खान्देशातल्या मे महिन्यात ते तेवढे भरणार नाहीत हे विकणाऱ्याने सांगायला हवं. कोणी सांगत नाही.

मग काम सुरू झालं. सेन्सर तुम्ही वाशाखालून काढून बाजूच्या भिंतीवर आणलात, जमिनीपासून सात-आठ फुटांवर, तोंड थोडं खाली. आता तो वाटेला आडवा बघतो आणि त्याच्यासमोर निंबाच्या सावलीतली भिंत येते, जी दुपारभर तापत नाही. फांद्या मात्र त्याच्या नजरेच्या वर ठेवल्यात, कारण उन्हाळी वाऱ्यात हलणारा पाला त्याला फसवू शकतो. दिवा आणि सेन्सर एकमेकांपासून लांब केलेत. दिव्याची स्वतःची ऊब आणि उजेड त्याच्यावर पडला की लाग-विझ सुरू होते, हे तेव्हा कळलं.

ते तीन बारीक स्क्रू तर आम्ही घाबरून कधी फिरवलेच नव्हते. एक किती लांबून ओळखायचं त्याचा, एक किती वेळ चालू राहायचं त्याचा, आणि एक किती अंधार पडल्यावर जागं व्हायचं त्याचा. तिसऱ्यावर सूर्य आणि चंद्राचं चित्र आहे. तुम्ही तो सूर्याकडे फिरवलात, वेळ अगदी कमी केलात आणि दिवसाउजेडीच तपासायला सुरुवात केलीत. वीज दिल्यावर अर्धा-एक मिनिट तो आपला आपण स्थिर होतो, तेवढं थांबायचं, आणि लाइट जाऊन परत आली की तो एकदा उगाच लागतो, तो दोष नव्हे, हेही सांगितलंत. मग सासूबाईंना ओट्यावरून न्हाणीकडे चालायला लावलंत. जिथे दिवा लागला तिथे माझ्या मुलाने रांगोळीची चिमूट टाकायची. परत फिरवायचं, परत चालायचं, परत चिमूट. आधीच्या खुणा न्हाणीच्या दाराशी होत्या, पुढच्या एकेक पाऊल ओट्याकडे सरकत आल्या, आणि शेवटची पडली ती ओट्याच्या पहिल्या पायरीवर. सासूबाईंनी पाय खाली टाकला आणि दिवा लागला. "आते दखस माले," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा वर चढून पुन्हा उतरल्या. त्यांचा तो चेहरा तुम्ही पाहिलात ना?

काळ्या टेपची युक्ती मी आता गावात सगळ्यांना सांगते. भिंगाचा ज्या बाजूचा भाग गोठ्याकडे आणि आम्ही उन्हाळ्यात निजतो त्या खाटांकडे बघतो, तेवढ्यावर तुम्ही आतून टेपचा तुकडा लावलात. आता बैल काय किंवा झोपेत कूस बदलणारा मुलगा काय, दिवा लागत नाही. कुलरच्या वाऱ्याने हलणारा दाराचा पडदाही त्याच टेपमागे गेला.

आणि ते मंद मिणमिणणं. त्याला आम्ही काहीच महत्त्व देत नव्हतो. तुम्ही दिवा विझलेला असताना होल्डरला टेस्टर लावलात आणि टेस्टर पेटला. तुमचा चेहरा बदललेला मी पाहिला. आधीच्याने फेजऐवजी, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीऐवजी, न्यूट्रल म्हणजे परतीची वायर तोडून सेन्सरमध्ये घेतली होती. म्हणजे दिवा विझलेला असतानाही त्याच्यापर्यंत २३० व्होल्ट पोचलेलेच होते. त्यातून झिरपणाऱ्या थोड्याशा करंटने एलईडी मिणमिणत होता. त्याच भिंतीलगत मी ओले कपडे वाळत घालते. त्याच पत्र्यावरून पावसाचं पाणी खाली येतं. तुम्ही मेन स्विच बंद केलात, पुन्हा टेस्टर लावून खात्री केलीत आणि मगच वायरी सोडल्यात. फेज सेन्सरमध्ये, तिथून दिव्याला, न्यूट्रल दोघांना थेट, आणि दिव्याच्या लोखंडी बॉडीला अर्थिंग. वायर आत घेताना तिला खाली झोका दिलात, म्हणजे पाणी वायरीवरून आत न जाता तिथूनच ठिबकेल. त्या दिवशी तुम्ही नुसता दिवा दुरुस्त केला नाहीत. माझ्या लेकराच्या डोक्यावर जे टांगलेलं होतं ते तुम्ही काढलंत. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

सेन्सरला समांतर एक साधं बटणही तुम्ही ओट्यावर दिलंत. पाहुणे आले, कापसाची गाडी रात्री भरायची असली, गाय व्यायला झाली, तर दिवा सलग चालू ठेवता येतो. ही गरज आम्हाला सुचलीसुद्धा नव्हती. पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेडाचा दिवा लावायला सांगितलात, त्यावर किडे कमी येतात म्हणून. किडे कमी म्हणजे कोळ्याची जाळी कमी आणि भिंगावर पाली कमी. खरंच फरक पडलाय. भिंग मी कोरड्या मऊ फडक्याने पुसते. रॉकेल किंवा फिनेल लावायचं नाही, हे लक्षात आहे.

पावसाळा जाऊन आता थंडी पडली आहे. तुम्ही सांगितल्याप्रमाणे ओळखण्याचा स्क्रू मी स्वतः थोडा कमी केला, कारण थंडीत त्याला लांबचंही दिसतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यामुळे तो लागायला लागला होता. मुलाने रांगोळी टाकली, सासूबाई चालल्या. शेजारच्या काकूंकडेही आम्ही असंच पाहिलं. त्यांचा सेन्सर रडारचा निघाला, पातळ भिंतीपलीकडची हालचालसुद्धा पकडणारा. पत्र्याच्या पार्टिशनमागून नव्हे, पण प्लायच्या दारामागून तो त्यांना ओळखत होता. तो अंगणातून काढून न्हाणीच्या आत लावावा असं मला वाटतं. वायरीला मात्र मी हात लावलेला नाही, तुम्ही नाही म्हणाला होतात. त्यांच्याकडे एकदा येऊन जाल का? त्यांचीही फेज-न्यूट्रल बघायला हवी.

याल तेव्हा पैसे घेणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून विचारतच नाही. शेतातली भरिताची वांगी तयार आहेत, काड्यांवर भाजून देते. सोबत कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. सासूबाईंनी बिबड्यांचा एक डबा तुमच्या घरासाठी वेगळा काढून ठेवलाय, तो नेल्याशिवाय त्या तुम्हाला सोडणार नाहीत.

हे रात्रीच्या पाळीला निघताना आता बॅटरी खिशात ठेवतात, हातात धरत नाहीत. आप्पा, तुमचे मनापासून आभार.

तुमची,
बोरीकाठच्या घरातली ताई