कारवानी कुत्र्यांच्या पोटाकडं बघा

संपादक साहेब, नमस्कार. आमच्या सोलापूर भागात धनगरवाड्यांवर, शेतावर अजून कारवानी कुत्री आहेत, मूळची ससा-हरणामागं पळणारी शिकारी जात, आता १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ती बंदच पाहिजे, नान्नजच्या माळावर काळवीट राहिलेत ते त्यामुळंच. पण पळणं त्या कुत्र्यांच्या रक्तातच आहे, राखणीला दिवसभर मेंढरांमागं असतात आणि खायला काय, तर नुसती कोरडी भाकरी! त्यानं भागत नाही हो. भाकरीसोबत अंडं, उकडलेलं मटण द्या, शिजलेली हाडं मात्र नको, त्याचे तुकडे होऊन आतडं फाटतं, कांदा-लसणाचा रस्सा पण नको. आणि पळवायच्या आधी पोटभर कधीच घालू नका, जठर फुगून पिळा पडला तर काही तासांत जनावर जातं, माझी एक कुत्री अशीच गेली, अजून आठवलं की पोटात कालवतं. जेवण संध्याकाळी, दम उतरल्यावर. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर असतो तेव्हा पहाटेच फिरवा, पाणी थोडं थोडं पाजा, रोज पंजे उघडून बाभळीचे काटे, गोचीड बघा आणि रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या.

– एक कुत्रेवाला शेतकरी, उत्तर सोलापूर