वरच्या पेंटहाऊसच्या कामाबद्दल सूचना

नमस्कार मंडळी, सोमवारपासून आमच्याकडे काम सुरू होतंय म्हणून आधीच सांगून ठेवतोय. हॉल आणि किचनमधली 4 इंची विटांची भिंत काढायचीय, कारण तिच्यामुळे दुपारी 12 वाजतासुद्धा किचनमध्ये ट्यूबलाईट लावावी लागते, आणि आई ओट्याशी उभी असते तिथून सिंहगड अजिबात दिसत नाही, खरं तर स्वच्छ हवा असली की टीव्ही टॉवरसकट दिसायला हवा.

बीम, कॉलम, स्लॅब कशालाही हात लावणार नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन बघितलंय आणि त्यांचं पत्र कमिटीकडे दिलंय, खालच्या कुणाला शंका असेल तर बिनधास्त वर या, दाखवतो. दक्षिणेच्या खिडक्यांना टफन्ड काच बसेल. पश्चिमेची खिडकी मुद्दाम मोठी करत नाहीये, एप्रिलमधलं पुण्याचं ऊन घरात घ्यायचं नाही.

तोडफोड फक्त 10 ते 1 आणि 4 ते 6, रविवारी बंद. राडारोडा गोणीत भरून जिन्याने खाली जाईल, लिफ्टने नाही, आणि जिना रोज संध्याकाळी पुसून घेऊ. टेरेसचं वॉटरप्रूफिंग जूनच्या आत उरकायचंय, तेव्हा वर 2 दिवस पाणी भरून ठेवणार आहोत, त्या दिवसांत खालच्या फ्लॅटमध्ये छताला जरा जरी ओल दिसली तरी लगेच फोन करा, रात्री उशिरा असला तरी चालेल.

कुणाकडे आजारी माणूस, लहान बाळ किंवा परीक्षेची मुलं असतील तर प्लीज सांगा, त्या वेळी ड्रिल बंद ठेवू.