बुटाची नाडी

वाई, 8 डिसेंबर 2021

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा मायामीच्या सामन्याच्या गर्दीचं बोलायला लागले, तर "आई, हे मांढरदेव नाहीये" म्हणून फोन ठेवलास, म्हणून हे पत्र. पत्रात मला कुणी मधे तोडत नाही.

आधी अभिनंदन. रविवारी सकाळी साडेसहाला बाबांनी तुझा जुना लॅपटॉप स्टुलावर मांडला. आजींची पूजा त्यापायी दहापर्यंत लांबली. 42-3! आयोवाला शेवटपर्यंत तीनच गुण. तू बालवाडीत होतास तेव्हा, 2004 ला, तुमच्या मिशिगन विद्यापीठाने बिग टेन, म्हणजे ती विद्यापीठांची अमेरिकन फुटबॉलची लीग, जिंकली होती, त्यानंतर आत्ता. बाबा बापूकाकांना "चार प्रयत्नांत दहा यार्ड" कबड्डीच्या भाषेत समजावतात. बिग टेनमध्ये चौदा संघ कसे, हे मात्र त्यांनाही सांगता येईना. गेल्या वर्षी सहातले दोनच सामने जिंकलेली पोरं यंदा फक्त मिशिगन स्टेटशी हरली, तीही चार गुणांनी. त्या दिवशी तू जेवला नव्हतास, आठवतंय मला.

जर्सीवरचा तो बिल्लाही बाबांनी दाखवला, तिथल्याच मिशिगनमधल्या ऑक्सफर्ड गावच्या शाळेत गोळीबारात गेलेल्या चार मुलांसाठी लावलेला. त्यातल्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाचा नंबर 42, आणि तुमचे गुणही 42. मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याच्या आईनेही तो आकडा पाहिला असेल ना रे?

भीतीचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुझा तो 27 नोव्हेंबरचा व्हिडिओ. ओहायो स्टेटला 2011 नंतर पहिल्यांदा हरवलंत, तुमच्या हॅस्किन्सने एकट्याने पाच टचडाउन केले, सगळं कबूल. स्टेडियमात 1,11,156 माणसं, वाईसारखी तीन गावं. त्यातली किती कठड्यावरून मैदानात उतरली देव जाणे, आणि त्यात तू. मोबाईल क्षणभर खाली वळतो तिथे मी थांबवून पाहिलं. ओलं मैदान, आणि तुझ्या उजव्या बुटाची नाडी सुटलेली.

तुला काही आठवत नसणार. 25 जानेवारी 2005, शाकंभरी पौर्णिमा. मांढरदेवला काळूबाईच्या पायऱ्यांवर फोडलेल्या नारळांचं पाणी होतं, त्यावरून पाय सटकले आणि माणसांवर माणसं पडली. मग दुकानं पेटली. जवळजवळ 300 जण गेले. बाबा बापूकाकांची जीप घेऊन वर गेले होते. रात्री परत आले ते कितीतरी वेळ मोरीत पाय धूत बसले. तू विचारलंस, "बाबा, एका पायात कुणाची चप्पल?" त्या रात्रीचं ते आजवर माझ्याशी बोललेले नाहीत. ती चप्पल माळ्यावर आहे.

तेव्हा गर्दीत शिरण्याआधी बाहेरची वाट बघून ठेवायची. लोंढ्याच्या उलटं जायचं नाही. खाली पडलेलं काही उचलायला वाकायचं नाही, मोबाईल असला तरी. परीक्षा आहे, नवा ओमिक्रॉन आलाय, आणि मायामी काय पाचवड आहे का, की सकाळी जाऊन संध्याकाळी यावं? पोरांनी आळीपाळीने गाडी चालवायची म्हणे, रात्रीची!

बघ, झालं सुरू माझं. चुकलं. तू आमच्यापेक्षा जास्त जग पाहिलंस. परवा घाटावर कुणीतरी विचारलं, मुलगा काय करतो? तर मी इंजिनिअरिंग सोडून "त्यांची टीम जिंकली" हेच सांगत बसले. "त्यांची" नाही, "आमची" म्हणाले बहुतेक.

31 तारखेला जॉर्जियाशी सामना आहे ना, जा. बाबांनी तिकिटाचे पैसे मला न सांगता पाठवलेत, ते मला माहीत आहे हे त्यांना सांगू नकोस. फक्त बिननाडीचे बूट घेऊन जा. नसतील तर इथून पाठवते. माप नऊच ना अजून?

तुझी,
आई